सावळा रंग छापताना

मराठीत रंगाचे नाव सहसा एकटे येत नाही. लाल हा लालभडक असतो नाहीतर लालचुटुक. पिवळा हा पिवळाधमक किंवा पिवळाजर्द. पांढरा हा पांढराशुभ्र किंवा पांढराफटक. नावाला जोडलेले हे शेपूट रंगाची मात्रा सांगते आणि बोलणाऱ्याचा कलही उघड करते. पांढराशुभ्र सदरा आणि पांढराफटक चेहरा यांतला पांढरा मोजमापाने एकमेकांच्या बराच जवळ असेल, पण पहिल्यात कौतुक आहे आणि दुसऱ्यात काळजी. डिजिटल छायाचित्रात असे शेपूट नसते. तेथे रंग म्हणजे तीन आकडे; लाल, हिरवा आणि निळा यांची शून्य ते २५५ यांमधली एकेक मात्रा. त्यामुळे यंत्राने टिपलेला आणि यंत्राने छापलेला रंग निःपक्षपाती असतो, अशी समजूत सहज होते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे, आणि ते काम केवळ छपाईच्या धंद्यातल्या लोकांवर सोपवून चालणार नाही.

साहित्यचर्चेच्या जागी छायाचित्रांच्या छपाईचे प्रकरण कशाला, असे कोणी विचारील. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला पाठचिकित्सा हा विषय निदान एका प्रश्नपत्रिकेपुरता तरी भेटलेला असतो. मूळ संहिता हाती नाही, प्रती अनेक आहेत, प्रत्येक प्रतीत लेखनिकाच्या सवयी मिसळलेल्या आहेत. अशा वेळी कोणता पाठ स्वीकारायचा आणि का, हे कारणासह सांगायचे, ही ती शिस्त. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. तिच्या प्रत्येक पानावर वर स्वीकारलेला पाठ आहे आणि खाली नाकारलेले पाठभेद आहेत. डिजिटल छायाचित्राची स्थिती याहून फार वेगळी नाही. कॅमेऱ्याने नोंदलेले आकडे ही एक गोष्ट, ते माझ्या पडद्यावर दिसतात ती दुसरी, तुमच्या पडद्यावर दिसतात ती तिसरी आणि लॅबमधून कागदावर येते ती चौथी. चारही प्रती स्वतःला मूळ म्हणवतात. फरक इतकाच की या लेखनिकाने काय बदलले ते तळटीपेत लिहून ठेवण्याची पद्धत येथे रुजली नाही.

आकड्यांना स्वतःचा अर्थ नसतो, हे मराठी संगणकवापर्त्याला वेगळे समजावून सांगायला नको. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीचा काळ आठवावा. श्रीलिपीत टंकलेला लेख आपण मोठ्या विश्वासाने संपादकाला पाठवायचो आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरे, चौकोन आणि टिंबे यांची रांगोळी उमटायची. फाइल बिघडलेली नसायची. तिच्यातला प्रत्येक आकडा जागच्या जागी असायचा. तो आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे सांगणारा करार तेवढा हरवलेला असायचा. रंगाच्या बाबतीत हाच करार म्हणजे प्रोफाइल. अमुक यंत्रावरचा २००-५०-५० म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसणारा नेमका कोणता लाल, हे प्रोफाइल सांगते. त्यासाठी लागणारे डोळ्याचे मोजमाप १९३१ सालीच ठरले होते. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने माणसांवर झालेल्या प्रयोगांतून दृश्य रंगांचा एक नकाशा तयार केला आणि तो आजही पायाभूत मानला जातो. यंत्रांनी या नकाशाच्या भाषेत एकमेकांशी बोलावे, यासाठी १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून आयसीसी ही संघटना स्थापली. १९९६ मध्ये एसआरजीबी नावाची मर्यादित पण सर्वांना परवडणारी रंगकक्षा पुढे आली, तर १९९८ मध्ये तिच्याहून ऐसपैस अशी अ‍ॅडोबी आरजीबी. ऐसपैस कक्षेतली फाइल घेऊन आपण कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जातो, तिथले यंत्र प्रोफाइल न वाचता ती एसआरजीबीच आहे असे गृहीत धरते आणि फोटो मरगळलेला, धुतल्यासारखा येतो. मग काउंटरवरचा मुलगा म्हणतो, 'तुमच्या कॅमेऱ्याचाच कलर फिका आहे.' श्रीलिपीच्या काळात संपादकही असेच म्हणत असत.

येथवरचा भाग यांत्रिक आहे आणि थोड्या काळजीने सुटतो. खरा पेच पुढे आहे, आणि तो समजण्यासाठी ट्रॉम्बेसारखी जागा नाही. येथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, त्या वेळच्या अणुऊर्जा आस्थापनेत, ४ ऑगस्ट १९५६ रोजी एक अणुभट्टी सुरू झाली. आशियातली पहिली, अशी तिची ख्याती. पाण्याच्या खोल हौदात बसवलेल्या या भट्टीभोवती निळा उजेड दिसतो. पाण्यात प्रकाशाला जो वेग असतो त्याहून अधिक वेगाने विद्युतकण धावू लागले की हा उजेड निर्माण होतो. चेरेन्कोव्ह प्रारण असे त्याचे शास्त्रीय नाव. १९५७ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी या भट्टीचे नामकरण केले ते त्या निळाईवरूनच: अप्सरा. मूळ अप्सरा २००९ साली बंद झाली आणि तिचा नवा अवतार सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाला. विज्ञानाच्या पुस्तकांत, प्रदर्शनांच्या फलकांवर अशा भट्ट्यांची छायाचित्रे आपण पाहतो. पडद्यावर तो निळा अंगावर येतो. छापून आला की तो जांभळट आणि मलूल होतो.

यात छापणाऱ्याचा आळस नाही. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद आलेला उजेड परत पाठवतो. कागदाला स्वतःपेक्षा उजळ होता येत नाही. त्यातून छपाईत निळी शाई म्हणून वेगळी नसतेच. चार रंगी छपाईत सायन आणि मॅजेन्टा एकमेकांवर चढवून निळा साधावा लागतो आणि मॅजेन्टाचा हात जरा जड पडला की निळ्याचे जांभळे होते. पडद्यावरच्या सर्वांत गर्द निळ्याला कागदावर जागाच नाही. तो कक्षेबाहेर आहे. भाषांतर करणाऱ्याला हा अनुभव नवा नसावा. 'ओवाळणे' या क्रियापदाला इंग्रजीत जागा नाही. म्हणून भाषांतरकार थांबत नाही, तो काहीतरी ठरवतो.

येथेही ठरवावेच लागते, आणि प्रोफाइलच्या व्यवस्थेने त्याचे चार मार्ग नेमून दिले आहेत. दोन विशेष महत्त्वाचे. एका मार्गात चित्रातले सगळेच रंग थोडेथोडे आक्रसून घेतात. कक्षेबाहेरचा निळा आत येतो, पण त्याच्यासाठी बाकीच्यांनाही सरकावे लागते. रंगारंगांमधले नाते टिकते, प्रत्येकाची जागा मात्र हलते. दुसऱ्या मार्गात जे रंग कक्षेत आहेत त्यांना हात लावत नाहीत. बाहेरचे जे आहेत त्यांना सीमेवर आणून उभे करतात. त्यामुळे बहुतेक रंग अचूक राहतात, आणि सीमेवर आणलेल्या निळ्यांमधले आपसातले बारीक भेद पुसले जातात. तिसरा मार्ग रंग जास्तीत जास्त भडक ठेवण्याचा; तो आलेख आणि तक्त्यांसाठी. फ्लेक्सवाल्यांनी मात्र तो वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी राखून ठेवला असावा, असा संशय चौकाचौकांत येतो. चौथा कागदाच्या रंगासकट हुबेहूब नक्कल करण्याचा; त्याचा उपयोग प्रूफ काढताना होतो. यांतला कोणताही मार्ग स्वतःहून बरोबर किंवा चूक नाही. आशयानुवाद की शब्दानुवाद, या आपल्या जुन्या वादाचेच हे रंगातले रूप आहे. पण अनुवादाच्या पुस्तकावर अनुवादकाचे नाव असते. छापलेल्या फोटोत हा निर्णय कोणी घेतला, ते बहुतेक वेळा छापणाऱ्यालाही माहीत नसते. तो सॉफ्टवेअरने आधीच घेऊन ठेवलेला असतो.

ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंवरून ही गोष्ट जास्त चांगली कळते. रोहित किंवा अग्निपंख ही त्यांची मराठी नावे सुंदर आहेत, पण ट्रॉम्बेत, माहुलला, शिवडीला सगळे फ्लेमिंगोच म्हणतात. १९९० च्या दशकापासून हे पक्षी हिवाळ्याच्या सुमारास मोठ्या संख्येने या खाडीत येऊ लागले. २०१५ साली खाडीचा एक भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. ओहोटीच्या वेळी चिखलावर थवा उतरला की जे दिसते ते छापील चित्रांत दिसते तसे नसते. पक्ष्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून, शेवाळातल्या रंगद्रव्यांतून येतो. म्हणून पिल्ले करडी असतात, अर्धवट वाढलेली मळकट पांढरी असतात, आणि मोठ्या जातीचे पक्षी लांबून जवळजवळ पांढरेच दिसतात, पंख उघडले की मगच आतला तांबडा आणि काळा चमकतो. थव्यात गुलाबीच्या दहा-बारा पायऱ्या असतात. कॅमेरा काय करतो? चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी असावी, असे त्याच्या स्वयंचलित रंगसंतुलनाचे एक जुने गृहीतक आहे. चौकट गुलाबीने भरली की त्याला वाटते, हा प्रकाशाचाच दोष; आणि तो गुलाबी काढून टाकतो. घरी येऊन हौशी छायाचित्रकार निराश होतो आणि रंगाची मात्रा वाढवतो. त्याने पक्षी गुलाबी होतात, करडी पिल्लेही गुलाबी होतात आणि चिखल जांभळा. दिनदर्शिकेवर दर वर्षी हाच जांभळा चिखल असतो. पक्ष्यांचे त्यात काही बिघडत नाही. माणसांचे बिघडते, आणि या लेखाचे खरे कारण ते आहे.

मी ज्या महाविद्यालयात शिकवते तेथे एका वर्षी वार्षिकांकासाठी मुलांनी परिसराची छायाचित्रे काढली. ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीचा फोटो काढला: दारात बसलेली, जाळे बाजूला, हिरवे लुगडे, कानांत सोने, दुपारचा तिरपा उजेड. मुलीने फोनवर दाखवला तेव्हा आम्ही सगळ्यांनीच तो उचलून धरला. आजीचा वर्ण काळासावळा. कपाळावर आणि गालफडांवर उजेडाने तांब्यासारखी झाक आली होती. अंकात छापण्यापूर्वी मोठी प्रत काढावी म्हणून मुलीने फोटो एका लॅबमध्ये दिला. प्रत आली ती चकचकीत कागदावर, आणि आजीचा चेहरा पिठूळ गुलाबी झालेला. लुगड्याचा हिरवा पोपटी झाला होता, सोने पिवळेफिके पडले होते. लॅबमध्ये विचारले तेव्हा उत्तर मिळाले की वेगळे काही केलेले नाही, नेहमीचे करेक्शन आहे. मुलीने तो फोटो घरी दाखवला. आजी म्हणाली, 'ही कोन गो?'

'नेहमीचे' या शब्दावर थांबायला हवे. कोणीतरी मुद्दाम, द्वेषाने आजीला गोरे केले असते तर प्रकरण सोपे होते. त्याच्याशी भांडता आले असते. येथे गोरेपणा हे यंत्राचे विश्रांतीस्थान आहे. काही न सांगितले तर ते तेथे जाऊन बसते.

हे कसे झाले, याचा एक इतिहास आहे. फिल्मच्या जमान्यात लॅबमधली यंत्रे जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी नमुन्याची छायाचित्रे पुरवत असे. १९५० च्या दशकापासून या नमुन्यात एक गोरी तरुणी असे. पहिली मॉडेल शर्ली नावाची, कंपनीतलीच कर्मचारी. पुढे मुली बदलल्या तरी धंद्यात त्या सगळ्या 'शर्ली'च राहिल्या. शर्लीची त्वचा बरोबर दिसली की यंत्र जुळले, असे मानायचे. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली या नमुन्यांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातली एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. फिल्ममध्ये तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी जी तक्रार कंपनीच्या आत गांभीर्याने घेतली गेली, ती काळ्या माणसांकडून आलेली नव्हती. ती चॉकलेट बनवणाऱ्यांची आणि लाकडी सामान विकणाऱ्यांची होती. चॉकलेटच्या दोन प्रकारांतला फरक जाहिरातीत दिसेना, म्हणून तपकिरी सुधारला. भारतातल्या लॅबमध्ये कागद त्याच कंपन्यांचा, रसायने तीच, यंत्रेही त्यांचीच. आपल्या आई-वडिलांचे लग्नाचे रंगीत फोटो ज्या मोजपट्टीने छापले गेले तिच्यात त्यांच्या वर्णाची खूण नव्हती.

डिजिटलने हे बदलायला हवे होते आणि काही अंशी बदललेही. २०२२ साली गूगलने समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली दहा छटांची त्वचेची मोजपट्टी स्वीकारली आणि खुली केली. परंतु त्याच काळात फोनच्या कॅमेऱ्यांत सौंदर्य खुलवणारे, म्हणजे व्यवहारात उजळवणारे, फिल्टर येऊन बसले. कित्येक फोनमध्ये ते आधीपासूनच चालू असत. 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये बदलून 'ग्लो' झाले, पण ट्यूबमधून जे बाहेर आले ते आता बटनात गेले.

लॅबवाल्याच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. काळा वर्ण छापणे खरोखरच अवघड आहे. सावळ्या चेहऱ्याचे सगळे बारकावे गडद छटांच्या पट्ट्यात असतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात कागद दगा देतो. शाई पसरते, ठिपके एकमेकांना चिकटतात, खडबडीत कागदाचा काळा हा पडद्याच्या काळ्याइतका खोल जात नाही. म्हणून पडद्यावर वेगवेगळ्या दिसणाऱ्या पाच गडद छटा कागदावर एकच डाग होतात. पांढरी साडी आणि काळा चेहरा एकाच चौकटीत असले तर कॅमेराही गांगरतो. तेव्हा गडद भाग थोडे उचलावे लागतात, हे खरे. पण छटा उचलणे वेगळे आणि वर्ण बदलणे वेगळे. सावळ्या त्वचेत पिवळा आणि मॅजेन्टा यांच्या जोडीला सायनची ठळक मात्रा असते. तिच्यामुळेच त्या रंगाला वजन येते. ही सायन काढून टाकली की चेहरा एका झटक्यात उजळतो आणि त्याच झटक्यात परका होतो. छटा उचलून सायन राखणे शक्य आहे. त्याला दोन मिनिटे जास्त लागतात आणि समोरचा माणूस मुळात कसा दिसतो याविषयी थोडे कुतूहल लागते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. लोकांनाच गोरे दिसायला हवे असते, मग आपण कोण सांगणारे? लग्नाचा करिझ्मा अल्बम बनवणारा छायाचित्रकार म्हणेल, नवरी जशी आहे तशी छापली तर पैसे मिळत नाहीत. मला हा आक्षेप खोटा वाटत नाही. आपले रूप कसे जपून ठेवायचे हे ठरवण्याचा हक्क ज्याचे रूप त्याचाच आहे. एखाद्या नवरीने सांगितले की मला उजळ हवे, तर तिच्याशी वर्णवादावर वाद घालण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नाही आणि मराठीच्या प्राध्यापिकेला तर मुळीच नाही. पण तिने तसे सांगावे तरी. आज तिला विचारलेच जात नाही. तिची इच्छा गृहीत धरली जाते, आणि त्या गृहीतावर पुढची नवरी आपला अल्बम चाळताना ठरवते की फोटोत असेच दिसायचे असते. इच्छा आधी की सवय आधी, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

यंत्राचा कल आणि समाजाचा कल यांची गाठ आपल्याकडे संगणकाच्या फार पूर्वी पडली आहे. १८९४ साली राजा रविवर्म्याने शिळाप्रेस काढला तो घाटकोपरला, म्हणजे ट्रॉम्बेच्या शेजारीच. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथल्या ओलिओग्राफमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. तैलचित्राकडे पाहून त्यातला पिवळा किती, तांबडा किती, कोणत्या क्रमाने चढवायचा, हे कारागीर नजरेने ठरवत. आज प्रोफाइल जे आकडेमोडीने करते ते त्यांनी डोळ्यांनी केले, आणि जर्मनीहून आलेल्या तंत्रज्ञांच्या हाताखाली केले. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'कडे वळण्याआधी याच छपाईच्या जगात, लोणावळ्याला, वावरले होते आणि रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र यांसाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन आले होते. या छापखान्यांतून देवादिकांची चित्रे घराघरांत गेली आणि त्या चित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वती बहुतेक गोऱ्या आहेत.

विठ्ठलाचे काय करायचे, हा मात्र छापणाऱ्यांपुढे पेच असणार. आपल्या संतकाव्याने त्याच्या काळेपणाचे जितके लाड केले तितके क्वचितच कोणत्या रंगाचे झाले असतील. पंढरपूरची मूर्ती काळ्या पाषाणाची. पण दिनदर्शिकेवरचा विठ्ठल पाहा, कृष्ण पाहा, राम पाहा: निळा. अगदी अलीकडच्या चित्रांत तर तो निळाही फिकट होत होत आकाशी झाला आहे. सावळा या शब्दाला कागदावर उतरवण्याऐवजी आपण त्याच्यासाठी दुसराच रंग शोधून काढला. त्याला रूपकाची परंपरा आहे, निळ्या मेघाची उपमा जुनी आहे, हे मान्य. तरीही सावळा या शब्दाची छटा दाखव असे वर्गातल्या मुलांना सांगितले की ती एकतर निळ्याकडे बोट दाखवतात किंवा एकमेकांकडे पाहून हसतात.

तेव्हा करायचे काय? तांत्रिक काळजी फार नाही, आणि ती छायाचित्रकारांपेक्षा शाळा-महाविद्यालये, नियतकालिके आणि ग्रंथालये यांनी घेतली तर जास्त फळेल. फोटो छापून अंधारा येतो या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ पडद्याच्या झगझगाटात असते. पडद्याचा उजेड उतरवला आणि मोजणीच्या उपकरणाने तो वर्षातून काही वेळा जुळवला की निम्मे भांडण मिटते. प्रत पाहायची ती ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. दोन रंग एका दिव्याखाली सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात. साडीच्या दुकानातून बाहेर येऊन उन्हात पदर धरून पाहणाऱ्या बायकांना हे शास्त्र कोणी शिकवावे लागले नाही. कागद अतिशुभ्र, निळसर झाकेचा असेल तर त्वचेचा रंग त्यावर थंड पडतो. किंचित मोतिया कागद सावळ्या चेहऱ्याला मानवतो. आणि लॅबमध्ये फाइल देताना दोनच गोष्टी सांगायच्या: प्रोफाइल वाचा, आणि करेक्शन बंद ठेवा. दुसरी सूचना दोनदा सांगावी लागते.

त्या विद्यार्थिनीने पुढे तेच केले. दुसऱ्या एका लॅबमध्ये बसून तिने आधी चेहऱ्याच्या भागाची एक लहान पट्टी छापून घेतली, खिडकीशी नेऊन पाहिली, गडद भाग किंचित उचलायला सांगितले, सायनला हात लावू दिला नाही. तिसऱ्या पट्टीत तांब्याची झाक आली. तिन्ही पट्ट्या तिने वार्षिकांकात मूळ फोटोच्या खाली छापायला लावल्या, आणि संपादक मंडळातल्या काहींच्या मते त्यामुळे पान बिघडले. माझ्या मते अंकातले ते सर्वांत चांगले पान होते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आपल्या दारात उभी आहे. जुनी मराठी नियतकालिके, दिवाळी अंक, मुखपृष्ठे यांचे स्कॅनिंग ठिकठिकाणी चालू आहे. ग्रंथालये करतात, हौशी संग्राहकही करतात. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून 'दीपावली'साठी केलेली चित्रे, रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे आता पुष्कळांना पडद्यावरच भेटतील. मूळ अंकांचा कागद पिवळा पडला आहे. स्कॅन करणारा एका बटनाने तो पांढरा करतो आणि त्याच बटनाने चित्रातला मोतिया, बदामी, गव्हाळ हेही पांढऱ्याकडे सरकतात. दलालांच्या रेषेतली गव्हाळ तरुणी गुलाबी होऊन बसते. पिवळेपणा राखावा की काढावा, यावर मतभेद होऊ शकतात. जुन्या कागदाचा पिवळा हा चित्रकाराचा नाही, असे म्हणणाऱ्याचे म्हणणे मी ऐकून घेईन. पण काढायचा तर न काढलेली प्रतही जपून ठेवली पाहिजे, आणि मुखपृष्ठाशेजारी रंगांची प्रमाणपट्टी ठेवून स्कॅन केले पाहिजे. ती पट्टी नंतर कापून टाकू नये. सध्या बहुतेक ठिकाणी ती मुळात ठेवलीच जात नाही, आणि जेथे ठेवतात तेथे 'पान स्वच्छ दिसावे' म्हणून सर्वांत आधी तीच कापतात.